पायाखालच्या काळ्या दगडापासून

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत खडकांचा धडा एका ठरावीक अडचणीपाशी येऊन अडतो. भूगोलाच्या पुस्तकात अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे तीन प्रकार दिलेले असतात. सोबत ग्रॅनाइट, वालुकाश्म, संगमरवर ही नावे असतात. बाई सांगतात, उद्या येताना वेगवेगळे दगड घेऊन या. दुसऱ्या दिवशी वर्गातले प्रत्येक मूल दगड आणते आणि टेबलावर काळ्या-करड्या दगडांचा ढीग लागतो. सगळा बेसॉल्ट. मग कपाटातली नमुन्यांची पेटी निघते, नाहीतर थेट फळ्यावर तक्ता काढला जातो, आणि मुलांनी आणलेला ढीग कुंपणाशी जाऊन पडतो.

शाळेसाठीच्या खडक-प्रकल्पांचा हा संग्रह त्या ढिगापासून सुरू होतो. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टने व्यापलेला आहे. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणातले लागून असलेले भाग धरले तर हा खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो. एकाच खडकाच्या मुलखात वाढणाऱ्या मुलांना खडक कसे शिकवायचे, हा या पुस्तकामागचा प्रश्न आहे. लेखक-शिक्षकांनी दिलेले उत्तर मला पूर्ण पटते. आधी हा एक खडक नीट पाहायला शिकवा. बाकीच्या खडकांची ओळख त्यातूनच होईल.

ढीग पुन्हा टेबलावर घ्या आणि मुलांना तो लावायला सांगा. रंग सारखाच असल्यामुळे मुलांना दुसरे निकष शोधावे लागतात, आणि खरे शिक्षण तिथे सुरू होते. काही दगड हातात जड, घट्ट, फोडल्यावर धारदार कडा असलेले. काहींच्या अंगावर भोके. काहींची भोके पांढऱ्या, हिरवट किंवा गुलाबी खनिजांनी भरलेली. काही नखाने खरवडले तरी भुगा होणारे, तांबूस, मुरमाकडे झुकलेले. एखाद्या गोट्याचे गोलाकार पापुद्रे सुटत असतात आणि आत घट्ट काळा गाभा शिल्लक असतो. हे सगळे एकाच लाव्हाच्या थरातले वेगवेगळे भाग आहेत, किंवा त्याच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या अवस्था आहेत. लाव्हा पसरताना त्यातले वायू वर निघतात आणि थराच्या माथ्याजवळ बुडबुड्यांच्या रूपात अडकतात, म्हणून वरचा भाग सच्छिद्र होतो. मधला भाग सावकाश थंड होऊन घट्ट बनतो आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे लाखो वर्षे भूजल झिरपत राहते, त्यातून पोकळ्यांमध्ये झिओलाइट, कॅल्साइट, स्फटिक, अकीक अशी खनिजे जमतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत निघालेले निळेशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहे, आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय तर अशाच खनिजांसाठी उभे राहिले आहे. सहावीतल्या मुलीला तिच्या हातातल्या भोकाच्या दगडावरून थराचा माथा कुठला हे ओळखता येते. एवढे आले की ती डोंगर वाचायला लागते.

आपण ज्याला काळा दगड म्हणून बाजूला टाकतो, त्याच्यावरूनच भूविज्ञानातला सर्वांत गाजलेला वाद झाला होता, हे शिक्षकांना फारसे माहीत नसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अब्राहम वेर्नर शिकवत असे. त्याचे म्हणणे असे की पृथ्वीवर एकेकाळी सर्वत्र समुद्र होता आणि बेसॉल्टसह जवळजवळ सगळे खडक त्या पाण्यातून साचले. वेर्नर हा विलक्षण शिक्षक होता. हातात दगड घेऊन रंग, चमक, कठीणपणा, फुटण्याची तऱ्हा या खुणांवरून त्याला ओळखायची शिस्त त्याने घालून दिली. आजही शाळेतली नमुन्यांची पेटी आणि तिच्यावरच्या चिठ्ठ्या त्याच परंपरेतून आलेल्या आहेत. त्याचा शिष्य फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली, आणि नख, तांब्याचे नाणे, काचेचा तुकडा एवढ्या साहित्यावर वर्गात ती आजही वापरता येते.

वेर्नरच्या विरुद्ध बाजूला फ्रान्समध्ये निकोला देमारे होता. त्याने १७६० च्या दशकात ओव्हेर्न्यमधले बेसॉल्टचे थर पायी धुंडाळत थेट विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत माग काढला. स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन होता. पृथ्वीच्या पोटातली उष्णता खडक घडवते, वारा-पाणी ते झिजवते, गाळ पुन्हा खडक होतो आणि हे चक्र अथांग काळ चालू आहे, अशी त्याची मांडणी होती. १७८८ मध्ये त्याने सिकार पॉइंट येथे उभ्या थरांवर आडवे थर बसलेले सोबत्यांना दाखवले. पण वर्गाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हटनचा मित्र जेम्स हॉल. विरोधकांचे म्हणणे होते की वितळलेला दगड थंड झाला तर काच बनेल, स्फटिकांचा खडक बनणार नाही. हॉलने बेसॉल्टसारखा दगड लोखंडाच्या भट्टीत वितळवला. झटकन थंड केला तेव्हा काच झाली, सावकाश थंड केला तेव्हा स्फटिकी खडक. १७९८ मध्ये त्याने हे प्रयोग जाहीर केले. या संग्रहातला तुरटीचा प्रकल्प त्याच प्रयोगाचा धाकटा भाऊ आहे. गरम पाण्यात विरघळवलेली तुरटी एका भांड्यात बर्फावर ठेवायची, दुसऱ्यात चार दिवस न हलवता झाकून ठेवायची, आणि दोन्हींतल्या स्फटिकांचे आकार मोजपट्टीने मोजायचे. तुरटी द्रावणातून साचते, लाव्हा वितळलेल्या स्थितीतून गोठतो, हा फरक शिक्षकाने सांगायलाच हवा. तो सांगितला की मग बेसॉल्टचे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ग्रॅनाइटचे दिसतात, याचे कारण मुले स्वतः सांगू लागतात.

भारतात हा अभ्यास लष्करी अधिकारी, मिशनरी आणि सर्वेक्षक यांच्या हातून सुरू झाला. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. नागपुरात शाळा चालवणारे स्टीफन हिस्लॉप फावल्या वेळात आसपासचे जीवाश्म गोळा करत. रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडणारे तळ्यातले गाळ, त्यांतले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष यांवरून कळते की एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत इथे तळी भरत होती, झाडे वाढत होती. विदर्भातल्या शिक्षकांनी हा धागा सोडू नये असे मला वाटते. एका शिक्षकाने शाळेच्या परिसरात हिंडून विज्ञानात भर घातली, याचा पुरावा त्यांच्या घराजवळ आहे.

शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर दगडाचा आणि शाळेचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे. बालवाडीचा जनक फ्रेडरिक फ्रॉबेल १८१४ पासून काही वर्षे बर्लिनमध्ये खनिजसंग्रहालयात साहाय्यक होता. स्फटिकांच्या नियमित आकारांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला आणि पुढे मुलांसाठी त्याने केलेल्या लाकडी ठोकळ्यांत तो उतरला. पेस्टालोझीच्या अनुयायांनी 'वस्तुपाठ' रूढ केला: आधी वस्तू हातात, मग शब्द. इंग्लंडमध्ये थॉमस हक्सली यांनी १८६८ साली नॉर्विचमधल्या कामगारांसमोर खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिले आणि त्या तुकड्यातून प्राचीन समुद्र, सूक्ष्म जीव आणि काळाची लांबी उलगडून दाखवली. अमेरिकेत लुई अगासी यांनी १८७३ मध्ये पेनिकीस बेटावर शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. पुस्तक मिटून निसर्गाकडे पाहायला लावणे हाच तिचा अभ्यासक्रम होता. या सगळ्यांत एक समान आग्रह आहे. मुलाला जे सांगायचे ते आधी वस्तूत सापडले पाहिजे.

आपल्याकडे हा आग्रह हाताच्या कामातून आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यात हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी परिसरातले खडे, बिया, शिंपले आणले. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यांतल्या मुलांनी प्रयोग करून, आपसांत वाद घालून विज्ञान शिकावे, ही त्याची कल्पना तीस वर्षे शाळांत टिकली. त्याच वातावरणात घडलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून खेळणी करायची कला पुण्यातून देशभर नेली. मात्र या समृद्ध परंपरेत दगड मागे राहिला, असे माझे मत आहे. चुंबक, भिंगे, झाडे, कीटक यांना प्रयोगांत जागा मिळाली. खडक भूगोलाकडे गेला, भूगोल नकाशांकडे गेला, आणि खडकाच्या वाट्याला तक्ता आला.

तक्त्याच्या जोडीला आला तो थर्माकोलचा ज्वालामुखी. विज्ञान प्रदर्शनात त्याच्याशिवाय टेबल भरत नाही. शंकूच्या आकाराचा डोंगर, वर खड्डा, त्यात खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. मुलांना मजा येते यात शंका नाही. पण ज्या जमिनीवर ते टेबल उभे आहे त्या जमिनीची गोष्ट तो मुलांना चुकीची सांगतो. आपला लाव्हा बहुतांश लांबच लांब भेगांमधून आला आणि आडवा पसरला. धुळे-नंदुरबार भागात बेसॉल्टच्या थरांना छेदून गेलेल्या अरुंद, लांब, भिंतीसारख्या उभ्या खडकांच्या रांगा आजही दिसतात. भेगांत गोठून राहिलेला लाव्हाच तो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असे थरावर थर साचले, म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आहेत आणि शिखरे सपाट आहेत. महाराष्ट्रातल्या मुलाने शंकूचा ज्वालामुखी करावा आणि समोरच्या डोंगराची पायरी त्याला कधी दिसू नये, हे मला फार खटकते.

त्यावर या पुस्तकाने दिलेला पर्याय आपल्या मुलांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे: दिवाळीचा किल्ला. दगड, माती, विटा, पोती आणि वर पेरलेले हळीव ही सगळी सामग्री मुलांना पाठ असते. फक्त या वेळी किल्ला ज्या डोंगरावर आहे तो डोंगर खरा करायचा. तळाला एक जाड घट्ट थर, त्याचा कडा सरळ उभा. त्यावर भोकाच्या दगडांचा आणि मुरमाचा थर, त्याचा उतार सौम्य, कारण तो लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये विटकरी मातीचा पट्टा. घाटातून जाताना कापलेल्या डोंगरात असे तांबडे पट्टे दिसतात, ती दोन लाव्हांच्या मधल्या काळातली माती किंवा राख आहे. मग प्रश्न येतात. तटबंदी कुठे बांधायची आणि कुठे कडाच तटाचे काम करील? पाण्याचे टाके कुठल्या थरात खोदायचे म्हणजे पाणी टिकेल? राजगडाला आणि रतनगडाला नेढे का पडले? मावळे मांडायच्या आधी मुलांना या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. इतिहासाचे सर आणि भूगोलाच्या बाई एकाच किल्ल्यापाशी उभे राहून बोलताहेत, हे दृश्य ज्या शाळेत घडेल त्या शाळेला वेगळ्या प्रकल्पाची गरज नाही.

'सर्जनशील' हा शब्द शाळेत फार सैल वापरला जातो. दगडाला डोळे रंगवले, चकाकी लावली, की तो सर्जनशील प्रकल्प ठरतो. त्याला माझा विरोध नाही. लहान मुलांनी दगड रंगवावेत, त्यांचा हात दगडाला लागतो. पण मोठ्या वर्गात सर्जन म्हणजे पुराव्यातून काही उभे करणे. 'एका दगडाचे आत्मवृत्त' हा निबंध मराठी शाळेत कोणाला चुकलेला नाही. त्यातला दगड बहुधा मूर्तिकाराकडे जातो, घाव सोसतो आणि देवपण पावतो. या संग्रहातला निबंध वेगळ्या अटीवर लिहायचा आहे: प्रत्येक वाक्यापुढे दगडावरची एक खूण दाखवायची. 'मी नदीतून आलो' असे लिहायचे असेल तर गुळगुळीत कडा दाखव. 'माझ्या पोटात वायू अडकला होता' असे लिहायचे असेल तर भोक दाखव. खूण नसेल तर वाक्य खोड. भाषेच्या तासाला यासारखा व्यायाम मला माहीत नाही. कल्पनेला लगाम बसत नाही, उलट तिला धरायला काहीतरी मिळते.

परके खडक शोधायला तर घराबाहेरही पडावे लागत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा असतो, जुन्या घरात खाली शहाबादी फरशी, जिन्याला कोटा, देवघरात मकराण्याचा संगमरवर, नव्या घरात ग्रॅनाइट. आंध्र, कर्नाटक, राजस्थान असे अर्धे भारतभ्रमण एका घरात होते. कडप्प्यावर लिंबाचा थेंब पडला की बारीक फेस येतो आणि नंतर चकाकी गेलेला डाग राहतो, कारण तो चुनखडक आहे. ग्रॅनाइटवर काही होत नाही. आईला विचारून, ओट्याच्या आडबाजूला किंवा गवंड्याकडून आणलेल्या तुकड्यावर हा प्रयोग करायचा, एवढे मुलांना बजावावे. तोच थेंब फळ्याच्या खडूवर टाका. हक्सलींच्या हातातला खडू समुद्रात साचलेला चुनखडक होता. आपल्या वर्गातले अनेक खडू जिप्समचे असतात, त्यांवर फेस येत नाही. कुठला खडू कशाचा, हे मुलांनी थेंबाला विचारावे. रांगोळी, पाटी, सैंधव, पेन्सिलीतले शिसे म्हणजेच ग्रॅफाइट, या सगळ्यांची घरातल्या घरात वही होऊ शकते. रूपांतरित खडकांचा धडा, जो बेसॉल्टच्या मुलखात सर्वांत पोरका असतो, तो देवघराच्या संगमरवरापासून आणि पाटीपासून सुरू करता येतो.

पाटा-वरवंटा आणि जाते या प्रकरणावर मी जास्त वेळ रेंगाळलो. आजीला विचारले की ती सांगते, पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावणारे दारावर येत. वडार आणि पाथरवट कुटुंबांनी हा काळा दगड पिढ्यान्‌पिढ्या ओळखला आहे. हातोडीचा हलका ठोका देऊन आवाजावरून दगडात चीर आहे का हे ते सांगतात. आपल्या वर्गांत या कुटुंबांतली मुले असतात, खाणीवर काम करणाऱ्यांची मुले असतात. खडकांच्या धड्यात त्या मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावून बोलते केले, तर वर्गातला जाणकार कोण हे बदलते. पण हे आदराने झाले पाहिजे. दगडाची धूळ फुप्फुसांना काय करते, खाणीतले काम किती जोखमीचे असते, हेही त्याच तासाला बोलले जावे. कौशल्याचे कौतुक करायचे आणि कष्टांबद्दल गप्प राहायचे, असा धडा मुलांना लगेच कळतो.

काळाची लांबी शिकवणे सर्वांत अवघड. ४६० कोटी वर्षे हा आकडा मुले पाठ करतात आणि विसरतात. पुस्तकातला दोरीचा खेळ मी शिक्षकांच्या शिबिरांत पाहिला आहे. मैदानावर ४६ मीटर दोरी ताणायची. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षे. आपला बेसॉल्ट शेवटच्या टोकापासून ६६ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे एका हाताच्या अंतरावर, आणि डायनासोर तिथेच संपतात. मनुष्यजातीची सुमारे ३ लाख वर्षे शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये मावतात. शिवरायांचा राज्याभिषेक कुठे, असे कोणीतरी विचारतेच. तो दाखवायला दोरीचा एक धागाही फार जाड पडतो. ज्या दगडाला आपण अतिप्राचीन म्हणतो तो पृथ्वीच्या हिशेबात अलीकडचा आहे, हे मुलांना स्वतःच्या पावलांनी कळते. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या विंधनछिद्रात बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला आणि खाली कित्येक पटींनी जुना खडक लागला. कोयनेला ती खोली सुमारे ९३० मीटर निघाली. पुस्तकातला ग्रॅनाइट आपल्यापासून दूर नाही. तो खाली आहे.

हे सगळे आज का शिकवायचे, याचे कारण शोधायला मला लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रातली शेती आणि गावांचे पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणावर भूजलावर चालते आणि ते भूजल या खडकाच्या भेगांत, भोकांत आणि मुरमात राहते. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी जवळजवळ नसते. एका शेतातली विहीर भरते आणि शेजारची कोरडी जाते, एक बोअर लागते आणि लाखो रुपये घालून घेतलेल्या दुसऱ्या बोअरमधून नुसती धूळ उडते, याचे कारण थरांत आहे. संग्रहातला प्रयोग साधा आहे. घट्ट दगड आणि झिजलेला सच्छिद्र दगड उन्हात वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, पुसून पुन्हा तोलायचे. पहिल्याच्या वजनात फरक पडत नाही म्हटले तरी चालेल, दुसऱ्याच्या पडतो. ज्या मुलीने हे मोजले ती पुढे पाणलोटाच्या कामात किंवा ग्रामसभेत बोअरच्या ठरावावर प्रश्न विचारू शकते. नारळ फिरवून पाणी सांगणाऱ्याला ती किमान थरांबद्दल विचारील.

दुसरे कारण उतारांचे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. २०२१ च्या जुलैमध्ये तळीये, २०२३ च्या जुलैमध्ये इर्शाळवाडी. घट्ट कातळावर बसलेला झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर अतिवृष्टीने पाण्याने भरला की जड होतो, त्याची पकड सुटते. ट्रेमध्ये तिरकी फरशी, वर मुरूम-माती आणि झारीने पाणी, एवढ्यात मुलांना दिसते की घसरण केव्हा सुरू होते, आधी भेग कुठे पडते, झाडांच्या मुळांनी काय फरक पडतो. डोंगरकुशीतल्या शाळांसाठी हा प्रकल्प हौसेचा नाही. जमिनीला नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाडे किंवा खांब कलले, तर ते मोठ्यांना जाऊन सांगायचे, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असले पाहिजे.

तिसरे कारण आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे. शहरांभोवतीच्या टेकड्या खडीसाठी आणि क्रश सँडसाठी पोखरल्या जात आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल, बेसॉल्टच्या उभ्या खांबांची ती सुमारे ६० मीटर उंच टेकडी, चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेली आहे. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे जांभ्याच्या खाणींच्या आणि रस्त्यांच्या वाटेत येतात. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसॉल्टमध्ये आघाताने झालेले, जगात दुर्मिळ असे विवर आहे. निघोजला कुकडीच्या पात्रात गोटे फिरून-फिरून कोरले गेलेले रांजणखळगे आहेत. या ठिकाणी सहली जातात, डबे खाल्ले जातात, फोटो काढले जातात. मुलांना तिथे काय पाहायचे हे कळावे यासाठी या पुस्तकात सहलीच्या आधीचा तास आणि नंतरचा तास दिला आहे. अशा ठिकाणांहून एकही दगड उचलून आणायचा नाही, हा नियम त्यात ठळक आहे, आणि तो शिक्षकांनाही लागू आहे.

संग्रहाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो मुख्यतः बेसॉल्टच्या मुलखातल्या शिक्षकांनी लिहिला आहे. चंद्रपूरच्या कोळशाला, पिसदुऱ्याच्या डायनासोर-अवशेषांना, भंडारा-नागपूरच्या मँगनीजला, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्याला, गोव्याच्या लोहखनिजाच्या पट्ट्यांना मिळालेली जागा मला अपुरी वाटते. जांभा हा तर मोठा विषय आहे. बेसॉल्टचाच मुसळधार पावसात आणि उष्णतेत झालेला कायापालट, जमिनीतून काढताना चिरे पाडण्याइतका मऊ आणि हवेत राहून कठीण होणारा. तिकडच्या शिक्षकांनी हे प्रकल्प जसेच्या तसे उचलू नयेत. त्यांतली पद्धत घ्यावी आणि दगड आपला घ्यावा. मेणाच्या खडूंचा खडकचक्राचा प्रयोग मात्र लेखकांनी विचारपूर्वक शेवटी ठेवला आहे, तो तिथेच राहू द्यावा. खडूंचा कीस, दाब आणि उष्णता यांतून तीन प्रकार पटकन दाखवता येतात, पण खरा दगड पुरेसा हाताळलेला नसेल तर मुलांच्या डोक्यात खडक म्हणजे रंगीत मेण एवढेच उरते.

प्रकल्पांची मांडणी खडकांच्या प्रकारांनुसार नसून शाळेच्या वर्षानुसार आहे, ही मला या पुस्तकाची सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. जूनमध्ये दगड गोळा करणे आणि लावणे, पावसाळ्यात उतार आणि गढूळ पाणी, दिवाळीला किल्ला, हिवाळ्यात सहल, आणि मार्च-एप्रिलमध्ये विहीर. पाणी खाली गेले की विहिरीच्या भिंतीत माती, मुरूम, भोकांचा दगड आणि काळा कातळ असे थर एकाखाली एक उघडे पडतात. कुठल्या थरातून ओल पाझरते तेही दिसते. मुलांनी वरून पाहून चित्र काढायचे, दोरीला खुणा बांधून प्रत्येक थराची जाडी मोजायची आणि मालकाला विचारून विहीर कोणत्या वर्षी, किती परसावर लागली ते चित्राखाली लिहायचे. कठडा नसलेली विहीर निवडू नये, मोठे माणूस सतत जवळ असावे, आणि खाली कोणीही उतरू नये.